दिसेल तिथवर

महाराष्ट्रात ज्याला ‘कारवान’ म्हणतात, तोच कृष्णा ओलांडली की ‘मुधोळ’ होतो. कुत्रा एकच. लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, नाकापेक्षा डोळ्यांवर शिकार करणारा. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान. तिथल्या मालोजीरावांनी ही जात निगुतीनं जोपासली आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली. दहाव्या शतकातला महाकवी रन्नही याच गावचा. कन्नडमधून मराठीत अनुवाद करणारी मी रन्नामुळे एकदा तिथे जाऊन आले होते. कुत्र्यांकडे तेव्हा लक्षही गेलं नव्हतं.

रोझी आमच्या बंगळुरूच्या घरी आली ती तीन आठवड्यांच्या बोलीवर. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये देशी जातींचं कौतुक झालं, त्यात मुधोळचंही नाव होतं. पुढे कधीतरी कुणी हौसेनं हिला आणलं, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बांधलं आणि मग नको झाली. वीस किलोच्या वर असायला हवी ती कुत्री पंधराची होती. कमरेची हाडं मोजता येत होती.

पहिल्या आठवड्यात तिनं वाऱ्यानं हलणारा पडदा खाली ओढला, किट्टेलच्या कन्नड कोशाचा पुठ्ठा खाल्ला आणि आईला दोनदा भिंतीला टेकवलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन झालेली. ती पडली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. तिसऱ्या आठवड्यात रोझी परत जाणार हे मी मनाशी जवळपास ठरवलं होतं.

चपळ जातीचा कुत्रा म्हणजे त्याला खूप फिरवायचं, असं सगळे सांगतात. मी सकाळ-संध्याकाळ तास तास फिरवत होते आणि ती आणखीच बिथरत होती. या कुत्र्यांना लांब चालणं नको असतं. चार-पाच मिनिटं जीव तोडून धावायला हवं असतं. तेवढं मिळालं की दिवसभर अंथरुणावर पाय पसरून झोपतात. पण शहरात सोडायचं कुठे? खार दिसली, स्कूटर दिसली की कान बंद. त्यात मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा पट्टा सर्रकन निसटतो. ओढ बसली की आवळणारा मार्टिंगेल पट्टाच लागतो.

शेवटी फुटबॉलचं एक टर्फ सापडलं. चारी बाजूंनी जाळी. पहाटे साडेपाचला गिऱ्हाईक नसतं, म्हणून अर्धा तास स्वस्तात मिळतं. पहिल्या दिवशी रोझी सुटली आणि मी बघतच राहिले. चारही पाय एकदम जमिनीवरून उठत होते, पाठ धनुष्यासारखी वाकत होती, सरळ होत होती. आवाज मात्र जवळजवळ नव्हताच.

मग ती परत येईना. मी नावानं हाका मारल्या, मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत. आधी तिच्याशी कोण कुठल्या भाषेत बोलत होतं, कुणास ठाऊक. ‘यू यू’सुद्धा करून पाहिलं. तिथला वॉचमन बागलकोटकडचा. गुळणी टाकून म्हणाला, “अक्का, ओरडू नका. तिच्याकडे पाठ करा आणि पळा.”

शेहेचाळिसाव्या वर्षी, सलवार-कमीजमध्ये, मी पळाले. पंधरा पावलांत ती माझ्या शेजारी होती. तेव्हापासून तिला बोलवायचं असलं की मी पळते. हाकेवर ती अजूनही येत नाही. दिवसभर शब्द चाळणाऱ्या बाईला हे थोडं लागतं, हे खरं.

टर्फ सुरू झाल्यावर चार दिवसांत घर शांत झालं. आई ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवू लागली. “खा गं बये, हाडं टोचतात तुझी.” रोझी आता खुर्चीला वळसा घालून जाते, आईला धक्का न लावता.

तरी फॉर्म भरायचा राहिला होता. आमच्या घरात ‘दत्तक’ या शब्दाला घराण्याचा, वाटण्यांचा, श्राद्धाचा वास. म्हातारपणी आपलं कोण करणार, म्हणून दत्तक घ्यायचं. या फॉर्मवर उलटा रकाना होता: तुम्हाला काही झालं तर कुत्रीला कोण सांभाळेल? रोझी दोन वर्षांची. बारा-तेरा वर्षं जगली तर मी सत्तावन्नची असेन. मी एकटी. पुण्याच्या भावाला फोन केला. तो हसला आणि विषय बदलला. फॉर्म दोन दिवस टेबलावर पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी पाहिलं तर रकान्यात आईनं मराठीत स्वतःचं नाव लिहिलं होतं. पुढे नातं: ‘आजी’.

संस्थेतल्या मुलीचा फोन आला. अडखळत म्हणाली, “मॅम, आजींचं वय... अजून एखादं नाव मिळेल का?” खालच्या मजल्यावरची एक कॉलेजची मुलगी कधीकधी टर्फवर येते, माझ्यापेक्षा बरी पळते. तिला आणि तिच्या आईला विचारलं. दोघींनी एक दिवस मागून घेतला, मग हो म्हणाल्या. तिचं नाव आम्ही खाली लिहिलं. आईचं खोडायला आई तयार नव्हती. ते वरच आहे.