ताडोबाचा प्लॅन? आधी हवा पाहा!

वाघ बघायचाय? मग मे महिन्यात जा, असं ऑफिसातला प्रत्येक 'जंगल एक्स्पर्ट' सांगतो. चूक नाही. पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो. पण चंद्रपूरचा मे म्हणजे गंमत नाही, राव! पारा 46-47 अंशांवर आणि उघड्या जिप्सीत तोंडावर गरम वारा. दिलासा एकच, हवा कोरडी. घाम झटकन वाळतो, कूलर मस्त चालतो. आणि डास? फारच कमी. एवढ्या कोरड्या उन्हात त्यांचा निभाव लागत नाही.

आता ऑगस्ट घ्या. पारा उतरलेला, जंगल हिरवंगार, फोटो भन्नाट! पण हवेत इतकी वाफ की कूलर नुसताच गरगरतो. जी दमट हवा आपल्याला नकोशी, तीच अ‍ॅनोफिलीसच्या मादीला मानवते. ती जास्त दिवस जगते आणि खरी मेख तिथेच आहे. मलेरियाचा परजीवी तिच्या शरीरात तयार व्हायला 25 अंशांच्या आसपास साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढी जगली तरच ती आजार पसरवणार. थंडीत हे काम रेंगाळतं. 16 अंशांखाली तर फाल्सिपेरम हा घातक प्रकार वाढतच नाही.

म्हणून सांभाळायचा तो ऑक्टोबर. पावसाळ्यात बंद असलेला ताडोबाचा कोअर भाग 1 ऑक्टोबरला उघडतो आणि आपण दसऱ्याची सुट्टी गाठून निघतो. पाऊस ओसरलेला, ओढ्यांत पाणी साचलेलं, हवा ना गरम ना गार. आपल्यासाठी छान, डासांसाठीही!

पुढे गडचिरोलीत गेलात, तर ही नुसती ट्रिपची काळजी राहत नाही. जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग जंगल, त्यात ओढे नि धानाची शेतं. राज्यात मलेरियाचा मोठा भार हाच जिल्हा वर्षानुवर्षं सोसतोय. भामरागडजवळ हेमलकशाला 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. तिथे रुग्ण मैलोन्‌मैल चालत आल्याच्या कहाण्या आपण ऐकल्यात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट अडते. फाल्सिपेरमचा ताप मात्र पूर ओसरायची वाट पाहत नाही.

मग जायचं कधी? जानेवारी-फेब्रुवारी बेस्ट. सकाळच्या सफारीला स्वेटर हवाच. डास कमी असतात, पण नसतातच असं नाही. म्हणून संध्याकाळपासून फुल बाह्या, अंगाला रिपेलंट आणि झोपताना मच्छरदाणी. पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच जाणार असाल, तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ताप बहुतेकदा तिथे येत नाही. तो येतो परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याभरानेही. तोवर आपण मीटिंग-डेडलाइनमध्ये बुडालेलो असतो आणि 'व्हायरल असेल' म्हणून क्रोसिन घेतो. तसं करू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, 'मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलोय.' रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. वाघ दिसला की नाही, ते नंतर सांगितलं तरी चालेल!