कोरडी ट्यूब

संमतिपत्र ही मोठी चतुर वस्तू आहे. कॉलेजात मराठी शिकवता शिकवता गेली पंधरा-सोळा वर्षे मी ती गठ्ठ्यांनी गोळा केली. ‘सहलीत काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी आमची राहील’ या ओळीखाली पालकांची सही आहे की नाही, एवढेच मी पाहत असे. ती ओळ खऱ्या अर्थाने मी प्रथम वाचली ती गेल्या हिवाळ्यात, माझ्याच मुलीने आपल्या कॉलेजचा तसा कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा. सहल मुरूडला जाणार होती.

मुरूड म्हटले की लोकांना जंजिरा आठवतो. मला १ फेब्रुवारी २०१६ आठवते. पुण्याहूनच सहलीला गेलेले १४ विद्यार्थी त्या दिवशी तिथे बुडाले. समुद्राची खरी ओढ दिसत नाही. किनाऱ्यावर चढलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने मागे फिरते, आणि त्या वाटेत सापडलेला माणूस आत जातो. अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, आडवे पोहून प्रवाहाबाहेर पडावे, असे जाणकार सांगतात. पण आमच्या पोरांना मुळात पोहताच येत नाही. तिथे आडवे काय नि उभे काय!

विलायतेत सर विल्यम हिलरी नावाच्या गृहस्थाने १८२४ साली बुडत्यांना वाचवणारी संस्था काढली. ती आजही मुख्यतः देणग्यांवर चालते. होडीवर जाणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. बोलावणे आले की हातातले काम टाकून धावतात. दोनशे वर्षांत त्यांनी १ लाख ४० हजारांहून अधिक जीव वाचवले.

आपल्याकडे अशी माणसे नाहीत असे मात्र कुणी म्हणू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेंहून अधिक माणसे गेली. माझी आजी अलिबागकडची. ती सांगे, रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी मासळी पाण्यात लोटली आणि माणसे होड्यांत ओढून घेतली. “दिवसाची कमाई फेकली रे त्यांनी,” एवढे बोलून ती दर वेळी थांबे.

म्हणजे माणसे आहेत. होडी मात्र त्यांची, आणि तीही पोटाची. म्हणून मी आमच्या कॉलेजात सुचवले, की सहलीच्या वर्गणीत माणशी दहा रुपये जादा घ्यावेत आणि जिथे जाऊ तिथल्या बचाव-होडीसाठी द्यावेत. हेडक्लार्कांनी चष्म्यावरून पाहिले. “सर, कोणत्या सदराखाली?”

मी मुकाट्याने घरी आलो आणि मुलीच्या कागदावर सही केली. मग स्वारगेटला एका पंक्चरवाल्याकडे जाऊन ट्रकची जुनी ट्यूब घेतली.

“साहेब, गाडी कोणती?” त्याने विचारले.

“गाडी नाही, मुलगी आहे.”

त्याने पुढे काही विचारले नाही. हवा मात्र ठासून भरली.

पहाटे साडेपाचला ती ट्यूब आणि पन्नास हात दोरी घेऊन मी स्वारगेटच्या स्टँडवर हजर झालो. मुलीच्या मैत्रिणी खुदखुदल्या. “बाबा, ठेवा ना ती खाली!” मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. सोबतच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या पिशवीत सगळ्यांची संमतिपत्रे होती. त्यांनी ट्यूब आपल्या हातांनी गाडीत ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी रात्री मी तासभर आधीच तिथे जाऊन उभा होतो. साडेअकराला एस.टी. वळली. मुलगी ट्यूब खांद्याला अडकवूनच उतरली.

“घ्या तुमची होडी. ड्रायव्हरकाकांनी उशाला घेतली होती.”

मी ट्यूबवरून हात फिरवला. वाळूचा कणही नव्हता. पैसे वाया गेल्याचा इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

दहा रुपयांचे सदर मात्र हेडक्लार्कांना अजून सापडलेले नाही.