मामूंचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ट्यूबलाइटचा चोक

भिवंडीत ज्यांनी तीस-चाळीस वर्षं लूमवर काढली, त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. तरी ओरडून फारसा उपयोग होत नाही. लूमच्या खटखटीनं आधी जातात ते वरचे, बारीक आवाज. स, श, फ विरून जातात. खालचा जाड आवाज बराच काळ शाबूत राहतो. आम्ही उर्दूचे शिक्षक वर्गात मुलांचे शीन-क़ाफ दुरुस्त करत असतो, आणि घरी बापाच्या कानातून शीनच निघून गेलेला असतो.

माझे मामू लूम फिटर होते. कव्वाल्यांच्या तबकड्या ऐकायला त्यांनी तरुणपणी घरीच वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला: दोन ईएल८४, एक ईसीसी८३ आणि रेक्टिफायरला ईझेड८१. हल्ली ते कुरकुरत, "गाना कम, भूं-भूं ज्यादा." घरचे म्हणत, वय झालं, कान गेले. पण भूं-भूं खरी होती. विजेचे ५० हर्ट्झ रेक्टिफायरमधून दुप्पट होतात आणि नीट गाळले गेले नाहीत तर १०० हर्ट्झची घुमघुम स्पीकरमध्ये उतरते. मामूंना स्पष्ट ऐकू येतो तो नेमका हाच आवाज. शिवाय जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो. म्हणजे जे काही थोडे शब्द पोचायचे, तेही बुडत होते.

दुकानात सगळे एकच सांगतात: मोठा कपॅसिटर टाका. वॉल्व्ह रेक्टिफायरला हे मानवत नाही. ईझेड८१ च्या पुढचा पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नसावा. मोठा टाकला तर तो करंटचे जोरदार हिसके मारतो आणि वॉल्व्हचं आयुष्य संपवतो. म्हणून पहिला कपॅसिटर तेवढाच ठेवला. पुढं दोन कपॅसिटरांच्या मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर होता. तो काढून ट्यूबलाइटचा जुना तांब्याचा चोक लावला. एलईडी आल्यापासून हे चोक भंगारात किलोनं मिळतात. साधारण एक हेन्रीचा चोक १०० हर्ट्झला सहाशेवर ओहमचा अडथळा करतो, डीसीला मात्र जवळजवळ मोकळी वाट देतो. चोकची पत्र्याची बॉडी अर्थिंगला जोडली.

आणखी एक गोष्ट केली, आवाजाशी संबंध नसलेली. कपॅसिटरवर ३०० व्होल्ट असतात, आणि वॉल्व्ह काढून ठेवले असतील तर प्लग उपसल्यावरही ते तसेच दबा धरून राहतात. आपल्याकडं लाइट गेली की डबा उघडून बघायची खोड आहे, त्यात घरात लहान पोरं. २२० किलोओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर कपॅसिटरवर आडवा टाकला. मिनिटभरात साठा उतरतो. तरी मीटर लावून पाहिल्याशिवाय मी आत हात घालत नाही.

मामूंनी तबकडी लावली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हार्मोनियम आता वेगळी कळते. शब्द? "आधे-अधूरे. पहलेसे ठीक." एकदा कान तपासून घेऊ, मी म्हटलं.

"ईदके बाद देखेंगे. पहले दूसरा चोक ला."