विषम तारखेचा बर्फ

आज विषम तारीख. सॉल्ट लेक सिटीजवळच्या मिल क्रीक कॅन्यनमध्ये विषम तारखेला कुत्र्यांना साखळीविना हिंडायची मुभा असते, त्यामुळे वाटेवर माणसांपेक्षा शेपट्याच जास्त. वरच्या रस्त्याचं फाटक १ नोव्हेंबरला बंद होतं ते थेट १ जुलैपर्यंत. मधल्या काळात डांबर बर्फाखाली आणि रस्ता आमच्या ताब्यात.

पायात स्नोशू बांधले की चालण्यातली सगळी ऐट जाते. पाय फाकवूनच चालावं लागतं. पण भुसभुशीत बर्फात गुडघ्यापर्यंत रुतण्यापेक्षा हे बरं. पसरट चौकट वजन वाटून घेते, तळाचे दात चढावर पकड देतात. स्कीवाले शेजारून सुळकन निघून जातात. त्यांच्या दोन समांतर चाकोऱ्या तुडवायच्या नाहीत, असा इथला दंडक. पटतो मला. दारातल्या रांगोळीवर का कुणी पाय देतं?

ओढा काही पुरता गोठत नाही. काठाला बर्फाचे कंगोरे, मधे काळं पाणी खळाळतंय. दगडावर एक करडा डिपर पक्षी, चिमणीहून जरा मोठा, सारखा उठाबशा काढत होता. पापणी मिटली की पांढरी चमकायची. बघता बघता पठ्ठ्या चालतच पाण्यात शिरला, तळातल्या अळ्या टिपायला! मी इथे दुहेरी मोज्यांत कुडकुडतेय.

परतीला सगळा उतार. आता मात्र स्कीवाल्यांचा खरा हेवा वाटला. पुढच्या वेळी भाड्याने स्की घ्यावी म्हणते. फक्त थांबायचं कसं, ते आधी कुणाकडून तरी शिकून घ्यायला हवं.