माणसांची भिंत

राजूरच्या आसपासच्या डोंगरी गावांत बोहाड्याला, म्हणजे देवांच्या सोंगांच्या उत्सवाला, रंगमंच लागत नाही. संबळ वाजू लागला, टेंभे पेटले, की गावातली वाटच रंगमंच. भलामोठा मुखवटा बांधलेलं सोंग ठेक्यावर नाचत येतं. माणसं दोन्ही बाजूंना सरतात, ते पुढे गेलं की पुन्हा एक होतात. याला आमच्याकडे कुणी प्रायोगिक म्हणत नाही.

पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीचं मोल मला या गर्दीमुळे उमगलं. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठलं आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन झाली. एरवी संस्था नाटक शोधते. इथे नाटकाने स्वतःसाठी संस्था उभी केली. पुढच्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू झाले.

त्या नाटकात ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, डुलते आणि पाठ फिरवली की भिंत होते. भिंतीआड काय चाललंय ते प्रेक्षकाला कळतं, रांगेलाही कळतं. तरी ती भजन म्हणत राहते. अत्याचार झाकायला दगडविटा लागत नाहीत, सभ्य माणसांच्या पाठी पुरतात, हे नाटक न बोलता सांगून जातं. बोहाड्यातली गर्दी देवाला वाट करून देते, ही गर्दी पापाला आडोसा देते. थिएटर अ‍ॅकॅडमीच्याच सतीश आळेकरांनी १९७४ च्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या भाऊरावालाच कीर्तनाला उभं केलं. मरणाभोवतीचे सोपस्कार कीर्तनाच्याच थाटात आले, म्हणून हसता हसता बोचले.

त्यानंतर एकांकिका स्पर्धांमधून पुष्कळ संबळ वाजले, पुष्कळ मशाली नाचल्या. टाळ्याही पडल्या. अशा वेळी मी मनातल्या मनात तो संबळ आणि त्या मशाली काढून टाकतो. बहुतेकदा नाटक जसंच्या तसं उभं राहतं, म्हणजे ते सगळं शोभेपुरतंच होतं. ‘घाशीराम’मधली रांग काढा, नानाचं पाप झाकायला कुणी उरत नाही आणि नाटकही उरत नाही.