बेपत्ता वैमानिकाचे घर

बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक कसा गेला, हे त्याच्या घरी येऊन सांगणारा बहुतेक वेळा कुणीच नसतो. पायदळातला जवान पडतो तेव्हा त्याचा सोबती जवळपास असतो. शेवटचे शब्द कानी पडतात, घड्याळ आणि पाकीट घरी पोहोचते. बॉम्बफेकी विमान पडते ते शत्रूच्या मुलखात, खूप आत. सोबतच्या विमानाने धूर पाहिला तर पाहिला, नाही तर तेही नाही. घरी तार येते, ‘बेपत्ता’ एवढीच. हवाई युद्धांच्या नोंदी जुळवणे हे माझे काम. त्यात विमाने, तारखा, लक्ष्ये हळूहळू जुळत जातात. त्या तारेनंतर घराने काय सोसले, त्याची मात्र नोंद कुठल्याच स्क्वाड्रनच्या वहीत नसते.

मी वर्ध्यात राहतो. सेवाग्राम-पवनारच्या जिल्ह्यात बसून युद्धाचा अभ्यास कशाला, असे लोक विचारतात. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी जावे असा ठराव याच गावी केला. पण याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडारही आहे. 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर तिथे आग भडकली आणि ती विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी व दोन लष्करी अधिकारी प्राणांस मुकले. दारूगोळा कुणाला तरी राखावा लागतो, कुणाला तरी नेऊन शत्रूवर टाकावा लागतो, आणि दोन्ही कामांत माणसे जातात. अहिंसेच्या या भूमीत त्यांची आठवण ठेवणे मला विसंगत वाटत नाही. युद्धाची खरी किंमत त्यांच्याच घरांनी मोजलेली असते.

1971 च्या युद्धातली दोन मराठी नावे मी नेहमी एकत्र वाचतो. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे 32 स्क्वाड्रनचे आणि फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर 26 स्क्वाड्रनचे. दोघेही सुखोई-7 चालवत. हे रशियन लढाऊ-बॉम्बफेकी विमान, एक इंजिन आणि एकच माणूस. काम जमिनीलगत जाऊन धावपट्ट्या, रणगाडे, रेल्वे यांवर मारा करण्याचे. म्हणजे विमानभेदी तोफांच्या थेट तोंडी जाण्याचे. तांबे 5 डिसेंबरला पाकिस्तानातल्या शोरकोटच्या हवाई तळावरील मोहिमेतून परतले नाहीत. पाचच दिवसांनी, 10 डिसेंबरला, पारुळकरांचे विमान पडले.

पारुळकर पकडले गेले आणि त्यांची युद्धकैदी म्हणून नोंद झाली. 1972 च्या ऑगस्टमध्ये मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघा सहकाऱ्यांसह ते रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोटलपर्यंत पोहोचले. तिथे पुन्हा पकडले गेले, पण त्याच वर्षअखेर मायदेशी परतले. 2025 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे युद्धानंतरची अर्ध्या शतकाहून अधिक वर्षे त्यांच्या वाट्याला आली.

तांब्यांच्या घरी काय झाले? त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, 1970 च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये ‘टॉम्बे’ असे नाव छापून आले. एवढ्या एका ओळीवर पुढची सारी वर्षे उभी राहिली. 2 जुलै 1972 ला सिमला करार झाला, पाकिस्तानचे सुमारे 93,000 कैदी परत गेले, आणि आपल्या 54 बेपत्ता सैनिकांचा हिशेब लागलाच नाही. आपल्याकडे त्यांतले कुणीही नाही, असे पाकिस्तान सांगत आले. 1983 मध्ये काही कुटुंबीय मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. 2007 मध्ये 14 नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले. हाती काही लागले नाही. दमयंतीबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांना सोबत घेऊन त्या सरकारदरबारी प्रश्न विचारत राहिल्या.

या हकिकतीत मला वीरपत्नीची ठरीव प्रतिमा दिसत नाही. दिसते ती एक हुशार खेळाडू, जिच्या वाट्याचे आयुष्य एका न लागलेल्या निकालात अडकून पडले. माणूस गेला हे कळले तर घर रडते, तेरावे करते आणि हळूहळू उभे राहते. बेपत्ता माणसाच्या घराला तेही जमत नाही. श्राद्ध घालावे तर त्याला आपणच मारल्यासारखे वाटते, न घालावे तर वर्षे सरत राहतात. सात वर्षे खबर नसलेला माणूस कायदा मृत मानू शकतो, पण असा हिशेब आईला आणि बायकोला लावता येत नाही. त्यागाबद्दल आपण बोलतो तेव्हा गेलेल्या वैमानिकाचा त्याग मोजतो. घराचाही मोजायला हवा.

आणखी एक अन्याय आपल्या आठवणीतच दडलेला आहे. कॅनबेरा हे आपल्या हवाई दलाचे 1957 पासूनचे बॉम्बफेकी विमान. 1965 मध्ये ते रात्रीच्या अंधारात पेशावरपर्यंत जाऊन आले, 11 मे 2007 ला आग्र्याला निवृत्त झाले. त्यात वैमानिकाबरोबर नॅव्हिगेटर असे. अंधारात वाट शोधणारा तोच. विमान पडले की दोन घरे उजाड होत, पण लोकांच्या तोंडी वैमानिकाचेच नाव राही. दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हेंजन्स विमानांनी जवळजवळ उभा सूर मारून बॉम्ब टाकत, तेव्हाही मागच्या आसनावर दुसरा माणूस असेच. 1971 चे हवाई दलप्रमुख पी. सी. लाल हे त्याच व्हेंजन्सवर लढलेले. तांबे आणि पारुळकर ज्या मोहिमांवर गेले, त्यांतला धोका दलप्रमुखांना अनुभवाने ठाऊक होता. दोनदा महावीरचक्र मिळवलेले कॅनबेराचे पद्मनाभ गौतम 1965 आणि 1971 या दोन्ही युद्धांतून सुखरूप परतले आणि 1972 मध्ये पुण्यात विमान अपघातात गेले. तो शांततेचा काळ होता, म्हणून ते नाव आज फारसे कुणी घेत नाही. मला हे बोचते.

अशा माणसाची सर्वांत विश्वसनीय आठवण असते त्याचे लॉगबुक. तारीख, विमान, सोबत कोण, उड्डाण किती वेळाचे, सारे त्याच्या हातचे. काही लॉगबुकांत शेवटची ओळ दुसऱ्याच्या अक्षरात असते. ती वाचताना माझा हात अजून थबकतो. आजोबा गेले की माळ्यावरची ट्रंक रद्दीत जाते, आणि तिच्यासोबत ही ओळही जाते. मग घरात उरते ‘काका विमानात गेले’ एवढेच वाक्य. पुढच्या पिढीत तेही उरत नाही.

तेव्हा वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, जिथे कुठे हा अंक वाचला जात असेल तिथल्या वाचकांना माझी विनंती आहे. यंदा घर आवरताना हवाई दलातल्या कुणाचे लॉगबुक, पत्र, तार, स्क्वाड्रनचा फोटो सापडला तर फेकू नका. फोटोतल्या प्रत्येकाचे नाव मागे पेन्सिलीने लिहा, नॅव्हिगेटरचे आणि मागच्या आसनावरच्या गनरचेही. घरात जी वृद्ध आई, आत्या, मावशी हे सारे सांगू शकते, तिच्याजवळ बसून तिचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. सगळ्याची एक प्रत घरी ठेवा आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन दाखवा. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.