गंध आणि गंधक

गेल्या वैशाखात आमच्या तालुक्यातील एका नरसिंह देवस्थानाच्या व्यवस्थापक मंडळाने एक सूचनाफलक लिहून देण्याचे काम आमच्याकडे सोपविले. मंडळात वकील असे आम्ही एकटेच. त्यामुळे ठराव, नोटिसा, भाडेपट्टे ही सारी कामे ओघानेच आमच्याकडे येतात. तक्रार अशी होती की, जयंतीच्या महाप्रसादास काही मंडळी अंगाला औषधाचे लेप लावून येतात, त्यांचा वास पंक्तीत पसरतो आणि शेजारच्यांना जेवण जात नाही. आम्ही फारसा विचार न करता मजकूर लिहून दिला : अंगास दुर्गंधीयुक्त लेप लावून कोणीही पंक्तीस बसू नये. तो मराठीत आणि कन्नडात रंगवून मंडपाच्या खांबावर लावण्यात आला.

जयंतीच्या दिवशी एक म्हातारा शेतकरी आपल्या आठ-नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आला. मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर पिवळा लेप दिसत होता. म्हाताऱ्याला वाचता येत नसावे. मुलाने शाळेत शिकलेल्या कन्नडात फलक मोठ्याने वाचला आणि आजोबांना मराठीत समजावून सांगितला. दोघे काही न बोलता मागे वळले व पिंपळाच्या पारावर जाऊन बसले. आम्ही बोलवावयास गेलो तेव्हा म्हातारा म्हणाला, "राहू द्या वकीलसाहेब. पोराच्या अंगाला गंधक लावलंय. इथं वारं हाय, आमी हितंच बसतो." त्यांच्या पत्रावळी पारावरच पोचविण्यात आल्या. जेवून ते निघून गेले. मुलाने जाताना एकदा खांबाकडे पाहिले, आणि आमची नजर खाली गेली.

खाली जाण्याचे कारण होते. आमच्या लहानपणी, त्याच वयाचे असताना, आम्हालाही खरूज झाली होती. आजी आवळासार गंधकाची पुडी आणून तो खलात बारीक करी, खोबरेलात कालवी आणि रात्री आमच्या अंगाला चोळी. अशाच एका उत्सवाच्या पंक्तीत नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नाकाला उपरणे लावून, "याला ओसरीवर बसवा," असे सांगितले. आमचे पान उचलून ओसरीवर नेण्यात आले. आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली, आमच्या शेजारी बसली आणि आमचे जेवण होईपर्यंत पंख्याने वारा घालीत राहिली. "जेव तू," ती म्हणाली, "गंधकाचा वास देवाला नवा नाही." त्या वेळी आम्हाला ते केवळ समजुतीचे बोलणे वाटले. पुढे कायदा शिकलो, शब्दाशब्दावर वाद घालून पोट भरू लागलो, पण त्या वाक्याचा विचार कधी केला नाही. पारावरचे ते दोघे पाहिल्यावर मात्र रात्री कोश काढून बसलो.

गंधक या शब्दात मूळ शब्द गंध. आणि गंध या शब्दात चांगले किंवा वाईट असे काहीच नाही. सुगंधी आणि पूतिगंधी, म्हणजे सुवासिक आणि कुजक्या वासाचे, ही दोन्ही रूपे पाणिनीने एकाच सूत्रात बसविली आहेत. चांगुलपणा किंवा वाईटपणा आणणारा तो पुढे जोडलेला शब्द. नैयायिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला व त्याचे सुरभी आणि असुरभी असे दोन भेद केले. म्हणूनच पंचोपचार पूजेत पृथ्वीतत्त्वाच्या नावाने देवाला गंध वाहतात. आपण कपाळी लावतो तेही गंधच. मराठीत एखाद्या गोष्टीची अजिबात माहिती नसली की, तिचा गंधही नाही, असे म्हणतो. म्हणजे वास हे ज्ञानाचे पहिले पाऊल झाले.

आमच्या सीमाभागात या शब्दाला आणखी एक मौज आहे. कन्नडात गंध म्हणजे चंदन. म्हणून कर्नाटकाला अभिमानाने 'गंधद गुडी', चंदनाचे मंदिर, म्हणतात. उलट फारसीत त्याच कुळातला 'गंद' हा शब्द दुर्गंधीचा वाचक झाला, आणि 'गंदा' होऊन आमच्या दखनीत व मराठीत उतरला. बीदरच्या बाजारात चंदनाचे गंध आणि गंदे पाणी हे दोन्ही शब्द रोज कानांवर पडतात. ते एकाच घरचे आहेत, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. गंधक मात्र मराठी, कन्नड, दखनी आणि कोकणी अशा चारही बोलण्यांत गंधकच राहिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्य विभागले गेले, बीदर आणि गुलबर्गा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या मराठी घरांत भाषेचे दुखणे कायमचे राहिले. गुलबर्ग्याचे २०१४ साली कलबुरगी झाले. दुकानाच्या पाटीवरून येथे वाद झालेले आम्ही पाहिले आहेत. पण गांध्याच्या दुकानात गंधक मागताना कोणालाही भाषा बदलावी लागत नाही.

अमरकोशात गंधकाला गंधाश्म म्हटले आहे आणि सौगंधिक असेही म्हटले आहे. हे दुसरे नाव वाचून आम्ही थबकलो. सौगंधिक हे एका सुवासिक कमळाचेही नाव. वनवासात द्रौपदीला हवे झाले आणि जे आणावयास भीम गंधमादन पर्वतावर गेला, तेच हे फूल. ज्या पिवळ्या दगडाच्या वासाने वडीलधाऱ्यांनी नाकाला उपरणे लावले, त्याला आणि द्रौपदीच्या फुलाला कोशकाराने एकच नाव द्यावे!

याचा उलगडा रसशास्त्रात होतो. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात गंधकाच्या उत्पत्तीची कथा आहे. श्वेतद्वीपात सख्यांसह क्रीडा करीत असता देवी पार्वतीला ऋतुप्राप्ती झाली; तिने क्षीरसागरात स्नान केले, आणि तिचे वस्त्र लाटांनी समुद्रात ओढून नेले. पुढे समुद्रमंथनात अमृताबरोबर ते रज गंधकाच्या रूपाने वर आले. त्याच्या वासाने देव आणि दानव दोघेही प्रसन्न झाले, आणि देवांनीच त्याला गंधक हे नाव दिले. आजीने हा ग्रंथ पाहिलेला नव्हता. पण गंधकाचा वास देवाला नवा नाही, हे तिचे म्हणणे केवळ लहान मुलाची समजूत घालण्यापुरते नव्हते. ते कुठूनतरी कानोकानी तिच्यापर्यंत पोचले असले पाहिजे. आमच्या घरोघर ज्या चार दिवसांची शिवाशिव पाळली गेली, त्याच अवस्थेतून निघालेले द्रव्य देवांनी हर्षाने स्वीकारले, हेही या कथेत आहे. त्यावर वाचकांनी आपापल्या घरी विचार करावा.

गंधकाला शुल्वारि असेही एक नाव आहे. शुल्व म्हणजे तांबे, त्याचा हा शत्रू. लॅटिनमधील सल्फर हा शब्द यावरूनच निघाला, असे रसायनाच्या कित्येक पुस्तकांत छापलेले असते. आमचा अभिमान सुखावणारा हा पुरावा आहे, पण तो ऐकीव आहे. भाषाशास्त्रज्ञ तो मानीत नाहीत. शत्रुत्व मात्र खरे. तांब्याची आणि चांदीची उपकरणी काळी पडतात ती हवेतील गंधकाच्या अंशामुळे. बीदरच्या बिदरी कामात जस्ताच्या काळ्या अंगावर चांदीची नक्षी उठून दिसते. ती चांदीही काही वर्षांनी मळते, ती याच कारणाने.

आता ज्या वासावरून आम्ही फलक लिहिला, त्या वासाकडे येऊ. रसायनशास्त्र सांगते की, शुद्ध गंधकाला वास जवळजवळ नसतोच. तो जळून प्राणवायूशी मिळाला की पेटत्या आगकाडीसारखा नाकात झोंबतो; हायड्रोजनशी मिळाला की नासक्या अंड्याची घाण सुटते. कोकणातील वज्रेश्वरी, उन्हेरे, राजवाडी येथील उन्हाळ्यांवर गंधकाचा म्हणून जो वास सांगतात, तो या दुसऱ्या वायूचा. म्हणजे ज्या द्रव्याचे नावच वासावरून पडले, त्याचा स्वतःचा वास असा नाहीच. तो सोबतीने येतो.

सोबतीचे हे प्रकरण स्वयंपाकघरातही चालू असते. कांद्याचा आणि लसणीचा उग्रपणा गंधकाच्या संयुगांमुळे. म्हणून देवळाच्या मुदपाकखान्यात त्यांना मज्जाव. पण हिंगाचा दर्पही गंधकाच्याच संयुगांचा. आणि हिंगाच्या फोडणीवाचून महाप्रसादाचे वरण होत नाही. आपल्याकडील पांढरी साखर बहुतेक कारखान्यांत गंधकाच्या धुराने उसाचा रस निवळून तयार होते. तेव्हा शिऱ्याच्या वाटेने गंधक पंक्तीत आधीच येऊन बसलेला होता. आम्ही बाहेर बसविला तो फक्त त्या मुलाच्या मनगटावरचा.

वैद्य या द्रव्याशी कसे वागतात तेही पाहावे. गंधक जसाच्या तसा पोटात देत नाहीत. तुपात मंद आचेवर वितळवून, फडक्यातून गाळून तो दुधात सोडतात; हे पुनःपुन्हा केल्यावर तो शुद्ध मानतात. पाऱ्याबरोबर खलून त्याची काजळासारखी काळी कज्जली होते, आणि रसौषधींचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे. त्वचारोगावर तर गंधकाचे मलम आजचे डॉक्टरही देतात. दोष आहे म्हणून त्याज्य, असे वैद्य म्हणत नाही. शोधन करून उपयोगास आणतो.

सोबत वाईट मिळाली तर काय होते, याची साक्ष बीदर शहरच देते. सोरा आणि कोळसा यांच्या संगतीत गंधकाची बंदुकीची दारू होते. १६५७ साली औरंगजेबाच्या वेढ्यात बीदरच्या किल्ल्यातील दारूसाठ्याने पेट घेतला, आणि किल्लेदार सिद्दी मर्जान त्यात प्राणांतिक जखमी झाला. महमूद गवानने १४७२ च्या सुमारास बांधलेल्या मदरशाचा पुढचा भाग १६९६ च्या सुमारास दारूच्या स्फोटात ढासळला. वीज पडली असेही सांगतात. दोन मनोऱ्यांपैकी एकच आज उभा आहे. बीदरला कामानिमित्त जाताना त्या रिकाम्या कोपऱ्यापाशी आम्ही अनेकदा उभे राहिलो आहोत. ज्ञानासाठी बांधलेल्या वास्तूत दारू साठविणाऱ्यांचा दोष आपण गंधकाला लावीत नाही. कायदाही लावीत नाही. गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण असलेल्या स्फोटकांवर केंद्र शासनाने १९९२ साली बंदी घातली. पण गंधक बाळगणे हा गुन्हा केला नाही. ज्याने कोणी ते शब्द लिहिले, त्याने काय निषिद्ध आहे ते नेमके सांगितले. आम्ही लिहिलेल्या फलकात तो नेमकेपणा नव्हता.

पाश्चात्त्यांकडे गंधकाचे एक जुने इंग्रजी नाव 'ब्रिमस्टोन', म्हणजे जळता दगड. बायबलात सदोम व गमोरा या शहरांवर आकाशातून अग्नी आणि गंधक बरसला, तेव्हापासून तो नरकाचा आणि देवाच्या कोपाचा दगड होऊन बसला. मराठी भाषांतरकारांनीही तेथे गंधक हाच शब्द योजिला आहे. तरी त्याच पश्चिमेकडे ग्रीकांच्या ओडिसी या महाकाव्यात नायक घरातील रक्तपातानंतर गंधकाची धुरी देऊन वाडा शुद्ध करतो. एका गावी शाप, दुसऱ्या गावी शुद्धी, दगड तोच.

बीदरच्या झरणी नरसिंहाच्या पाण्यात गंधक आहे व त्याने त्वचारोग बरे होतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आम्हीही त्या बोगद्यातून छातीभर पाण्यात चालत देवापर्यंत गेलो आहोत. डोक्यावर वटवाघळे लोंबत असतात आणि नाकाला त्यांचाच वास येतो. त्या अंधारात निरोगी आणि रोगी एकाच पाण्यातून देवाकडे सरकत असतात. कोणी कोणाला बाजूला हो म्हणत नाही. त्याच देवाच्या नावाने चालणाऱ्या आमच्या मंडपात मात्र आम्ही खांबावर पाटी लावली.

पुढच्या बैठकीत आम्ही तो फलक काढण्याचा ठराव मांडला. एका सभासदांनी रास्त मुद्दा काढला : खरूज संसर्गजन्य आहे, लहान मुले पंक्तीत असतात, त्यांची काळजी नको काय? हवी. पण आम्ही लिहिलेल्या वाक्यात संसर्गाचा शब्दच नव्हता, होता तो दुर्गंधीचा. रोग पसरू नये ही काळजी होती असे म्हणावे, तर ज्याने औषध लावले त्यालाच आम्ही उठविले; ज्याने लावले नाही तो खुशाल पंक्तीत बसला असता. हे म्हणणे मंडळाला पटले, निदान कोणी विरोध केला नाही. नवा मजकूर असा ठरला : ज्यांस त्वचाविकार असेल त्यांनी व्यवस्थापकांस सांगावे, त्यांचे पान मंडपातच, पहिल्या पंक्तीबरोबर, वेगळ्या पाटावर वाढले जाईल. तो मराठीत आणि कन्नडात रंगवून झाला आहे.

त्या म्हाताऱ्याचे गाव आम्ही विचारले नव्हते. मुलाची खरूज आता बरी झाली असेल. गंधकाने ती होते, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. येत्या वैशाखात आम्ही खांबापाशीच उभे राहणार आहोत. ते दोघे आले, तर नवा फलकही त्या मुलाकडूनच वाचून घ्यावा, अशी इच्छा आहे.